हरल्यावर येणारा राग आणि एक ओळंबा



दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःची फजिती सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्याला तो उपदेश थोडा तरी सुसह्य होतो. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. गेल्या ऑक्टोबरात एका रात्री प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासून झाल्यावर डोके हलके करावे म्हणून मी मोबाईलवर बुद्धिबळाचा एक डाव लावला. प्रत्येक खेळाडूला तीनच मिनिटे, असा झटपट डाव. समोरचा खेळाडू कोण, कुठला, हे ठाऊक नसते. तो डाव मी हरलो. 'एवढा एक जिंकून उठू' म्हणून दुसरा लावला. तोही हरलो. रात्री एक वाजता थांबलो तेव्हा चौदा डाव झाले होते. अकरा हरलो, दोन जिंकलो, एक बरोबरीत सुटला. मध्येच साडेअकराच्या सुमारास नववीतली माझी मुलगी अंतर्गोल आरशाचे एक उदाहरण घेऊन आली होती. तिच्यावर मी असा काही खेकसलो की ती वही मिटून क्षणभर दारातच उभी राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही टिल्ट झालाय. झोपा आता."

याची बोच अधिक लागली ती अशासाठी, की त्याच्या महिनाभर आधी मीच तिचा मोबाईल आठ दिवस कपाटात ठेवून कुलूप लावले होते. तिचा गुन्हा एवढाच, की खेळताना ती आपल्या भिडूंवर ओरडत होती! त्या रात्रीनंतर चार-पाच दिवस ती माझ्याकडे एकही उदाहरण घेऊन आली नाही. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बापाच्या घरात नववीची मुलगी आरशाची गणिते शेजारच्या ताईकडे सोडवत होती.

'टिल्ट' म्हणजे काय, हे मी तिला नंतर विचारले. ऑनलाइन खेळणाऱ्या मुलांचा हा रोजच्या वापरातला शब्द आहे. हरल्याच्या रागात डोके तापते, मग खेळ आणखी बिघडतो, म्हणून आणखी हरतो, म्हणून आणखी राग येतो. या चक्रात सापडलेला खेळाडू टिल्ट झाला, असे म्हणतात. हा शब्द पत्त्यांच्या पोकर या खेळातून आला आणि पोकरमध्ये तो आला पिनबॉलच्या यंत्रावरून. हे कळल्यावर मात्र माझ्यातला शिक्षक जागा झाला. कारण त्या यंत्रातला 'टिल्ट' म्हणजे चक्क एक ओळंबा आहे!

पिनबॉलचे यंत्र म्हणजे काचेखाली ठेवलेला एक उतरता टेबल. त्यावरून पोलादी गोळी घरंगळत खाली येते आणि ती खालच्या भोकात पडू नये म्हणून खेळाडू दोन बाजूंच्या लहान दांड्यांनी तिला पुन्हा वर टोलवतो. गोळी भोकाकडे निघाली की खेळाडूला मोह होतो, की यंत्रालाच एक धक्का द्यावा. या धक्काबुक्कीला आळा घालण्यासाठी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हॅरी विल्यम्स या यंत्ररचनाकाराने टिल्टची युक्ती काढली. तिचा पुढे रूढ झालेला प्रकार असा: यंत्राच्या आत धातूच्या एका कड्याच्या मधोमध एक ओळंबा लोंबकळत ठेवायचा. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला वापरतो, त्याच जातीचा. यंत्राला हलकासा धक्का लागला तर काही होत नाही. धक्का जोराचा असला की यंत्र सरकते, ओळंबा जडत्वामुळे मागे राहतो, कड्याला टेकतो आणि विद्युत्‌मंडल पूर्ण होते. दिवा लागतो, दांड्या निकामी होतात, आणि खेळाडूला हात बांधल्यासारखे उभे राहून गोळी भोकात जाताना पाहावे लागते.

या यंत्रातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. किती धक्का चालेल, हे ओळंबा खाली-वर सरकवून यंत्राचा मालक आधीच ठरवून ठेवतो. ते खेळाडूच्या हातात नसते. गोळी भोकाच्या तोंडाशी असताना 'हा धक्का फार होतो का?' असे खेळाडूला कोणी विचारत नाही, आणि विचारले तर तो काय उत्तर देईल हे आपण सारेच जाणतो. ओळंब्याकडे मी पुन्हा येईन. त्याआधी हरण्याचे गणित पाहू, कारण माझ्या मते निम्मा राग हे गणित माहीत नसल्यामुळे येतो.

ज्या खेळांत तुमच्याच तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून दिला जातो, तेथे जिंकण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. म्हणजे प्रत्येक डाव जवळजवळ नाणेफेकीसारखा. आता वीस वेळा नाणे उडवा. लागोपाठ चार किंवा अधिक वेळा काटा पडण्याची शक्यता किती असेल? बहुतेक जण 'दहा टक्के' वगैरे म्हणतात. हिशेब केला तर ती सुमारे ४८ टक्के येते! हे खोटे वाटत असेल तर वर्गातल्या तीस मुलांनी प्रत्येकी वीस वेळा नाणे उडवून पाहावे. साधारण चौदा जणांच्या वहीत सलग चार काटे सापडतील; थोडे कमीअधिक. नाण्याला ना राग येतो, ना ते टिल्ट होते. तरीही ते सलग चार वेळा हरते.

बीजीएमआयसारख्या खेळांत तर परिस्थिती याहून कठीण. चार-चार जणांचे पंचवीस संघ एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच उरतो. सगळे संघ सारख्या कुवतीचे धरले तर जिंकण्याची शक्यता पंचविसात एक, म्हणजे चार टक्के. सलग दहा वेळा खेळून एकदाही न जिंकण्याची शक्यता ०.९६ चा दहावा घात, म्हणजे ६६ टक्के. पंचवीस वेळा खेळूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता ३६ टक्के उरते. खो-खोच्या सामन्यात दोन संघ असतात, एक हरतो आणि एक जिंकतो. येथे दर वेळी चोवीस संघ हरतात. अशा खेळात 'मी नेहमीच का हरतो?' हा प्रश्न विचारणे म्हणजे लॉटरीचे तिकीट हातात धरून नशिबाला बोल लावण्यासारखेच आहे.

आणि ते गुण! डाव संपताच पडद्यावर लाल अक्षरांत 'उणे आठ' उमटते, तेच जिव्हारी लागते. गुण देण्याच्या ज्या पद्धतीवरून अशा अनेक पद्धती निघाल्या, ती एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. अर्पाड एलो (१९०३–१९९२) हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात शिकवणारे गृहस्थ. स्वतः उत्तम बुद्धिबळपटू. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तुमच्यात आणि प्रतिस्पर्ध्यात १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूकडून डावामागे सरासरी ०.६४ गुणाची अपेक्षा असते. फरक २०० असेल तर ०.७६ आणि ४०० असेल तर ०.९१. म्हणजे ४०० गुणांनी कमी असलेला खेळाडूही अधूनमधून वरच्याला नमवणारच, हे पद्धतीतच गृहीत धरलेले आहे. एलोंना आपल्या मोजमापाचा भ्रम नव्हता. हलत्या पाण्यावर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखे हे काम आहे, अशा अर्थाचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. प्रयोगशाळेत आपण एका वाचनावरून लंबकाचा आवर्तकाल ठरवत नाही. मग एका रात्रीच्या गुणांवरून स्वतःची लायकी का ठरवायची?

आता तुम्ही म्हणाल, 'सर, मग तुमचे अकरा पराभवही योगायोगच की!' येथेच मला कबुली द्यावी लागते. बुद्धिबळाचे ऑनलाइन डाव साठवलेले असतात; कोणत्या खेळीला किती सेकंद लागले हेही पाहता येते. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. पहिले चार डाव हरलो तेव्हा माझ्या घड्याळात शेवटी दहा-पंधरा सेकंद उरले होते, म्हणजे मी विचार करून खेळलो होतो आणि हरलो होतो. नंतरच्या सात पराभवांत मात्र दर वेळी एक मिनिटाहून अधिक वेळ शिल्लक होता. वेळ होता, पण विचार करायला मी थांबलोच नाही. एका डावात तर वजीर फुकट घालवला आणि तोही चाळीस सेकंदांत! पहिले चार पराभव योगायोगाचे होते. पुढचे सात माझ्या करणीचे.

रागात शरीराचे काय होते हे वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ सालीच विस्ताराने मांडले. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनालिन रक्तात येते, नाडी वाढते, स्नायूंकडे अधिक रक्त जाते. शरीर लढण्याला किंवा पळण्याला सज्ज होते. हुतूतूच्या मैदानावर याचा उपयोग आहे. तेथे राग पायांतून आणि दंडांतून खर्च होतो. मोबाईलवर खेळताना मात्र हलतात फक्त दोन अंगठे. सगळी सज्जता तशीच अंगात कोंडून राहते. अ‍ॅड्रेनालिनचा अंमल काही मिनिटांत ओसरतो, परंतु कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक ताण सुरू झाल्यानंतर वीस-तीस मिनिटांनी रक्तात सर्वांत अधिक असते. तीन मिनिटांचा डाव हरून लगेच दुसरा लावला, तर तो पहिल्याच्या रागातच सुरू होतो. झोका थांबण्याआधी त्याला पुन्हा ठेका दिला की काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. (उपमा अगदी काटेकोर नाही, माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाचले तर मला पकडतील.)

त्यातून आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची साधारण पंचविशी उजाडते. म्हणून तुमच्या वयात हे अधिक अवघड जाते. माझ्या वयातही जमतेच असे नाही, हे वर आलेच आहे.

'राग बाहेर काढून टाकावा, म्हणजे बरे वाटते' असे पुष्कळ जण सांगतात. उशीवर बुक्के मारा, मोठ्याने ओरडा, इत्यादी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी याची परीक्षा घेतली आणि निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध केले. सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी चिडवण्यात आले. मग काहींनी चिडवणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पोत्यावर ठोसे मारले, काहींनी व्यायामाचा विचार करत मारले, आणि काही जण दोन मिनिटे नुसते स्वस्थ बसले. चिडवणाऱ्याला मनात ठेवून ठोसे मारणारे सर्वांत जास्त संतापलेले निघाले. स्वस्थ बसणाऱ्यांचा आक्रमकपणा सर्वांत कमी होता. मोबाईल गादीवर आपटून राग जातो, असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. गादीवरून उसळून फरशीवर पडलेले मोबाईल मी पाहिले आहेत.

रागाला नाव देण्याचा मात्र उपयोग होतो, असे दिसते. लॉस एंजेलिस येथे मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याचे चित्र पाहताना त्या भावनेचा शब्द निवडायला सांगितला, तर भीती-संतापाशी निगडित असलेल्या अमिग्डला या मेंदूच्या भागाची हालचाल कमी होते. मुलीने 'टिल्ट झालाय' म्हटले तेव्हा मी आणखी चिडलो होतो हे खरे. पण आता मी ते स्वतःच स्वतःला म्हणतो, आणि अंगठा जरा थबकतो.

सांघिक खेळात राग निघतो तो भिडूवर. 'मला नेहमी बावळटच भिडू मिळतात' ही तक्रार मी इतक्या मुलांकडून ऐकली आहे, की एकदा फळ्यावर त्याचा हिशेबच मांडला. चौघांच्या संघात एक जागा तुमची. अनोळखी, म्हणजे कच्चा खेळाडू येऊ शकेल अशा जागा तुमच्या संघात तीन आणि समोरच्या प्रत्येक संघात चार. तुम्ही स्वतः बरे खेळत असाल, तर कच्चे भिडू तुमच्यापेक्षा इतरांनाच जास्त मिळायला हवेत! वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, म्हणजे चौथा मीच." सगळे हसले; तोही हसला.

पण याची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. मोबाईल परत देताना मी मुलीला विचारले, "एवढी ओरडत का होतीस?" तेव्हा कळले, की ती ओरडायची ते माईक बंद ठेवून. माईक सुरू असला आणि मुलीचा आवाज ऐकू आला, की हरलेली मुले जे बोलतात ते तिला घरात उच्चारता येईना. खेळातले तिचे नावही मुलाचे आहे. मी तिला शिक्षा केली होती ती भिंतीशी ओरडण्याबद्दल. ज्यांचे शब्द तिच्या कानांत पडत होते, ती मुलेही कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी शेजारच्या खोलीत बसलेली होती. चार पराभव नाण्याला पडतात तसे पडले, आणि त्याचा वचपा एका अनोळखी मुलीवर निघाला. तुमच्यापैकी कोणी असे बोलला असेल, तर तो शब्द गेम बंद केल्याने पुसला गेला नाही, एवढे जाणून असा.

माझे मत असे, की 'राग आवर' हा सल्ला निरुपयोगी आहे. तो ऐन रागाच्या क्षणी, रागावलेल्या माणसालाच निर्णय घ्यायला सांगतो. ओळंबा आधी बांधायचा असतो. खेळ सुरू करण्यापूर्वी, नाडी शांत असताना, कागदावर लिहायचे: इतके सलग पराभव झाले की बंद. आकडा कोणता असावा याबद्दल भांडण नको. तो आधी लिहिलेला असणे महत्त्वाचे. थांबल्यावर मनगटाची नाडी अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा, वहीत लिहा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे बोट नाडीवर ठेवूनच अनुभवता येईल. मग उठा, पाणी प्या, जिना उतरून या. नाडी खेळापूर्वीच्या आकड्यावर येईपर्यंत पुढचा डाव नाही. वहीत पराभवाचे कारणही लिहावे: आपली चूक, प्रतिस्पर्धी वरचढ, की केवळ योगायोग. मुंबईहून सिंगापूरच्या सर्व्हरपर्यंत प्रकाशालासुद्धा काचतंतूतून जाऊन यायला सुमारे ४० सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. तेवढ्यात बसलेली गोळी तुमच्या अंगठ्याचा दोष नाही, आणि आईने वाय-फाय बंद केल्याचाही नाही!

(पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल हे लिहिलेले नाही. त्यांना संसदेने २०२५ साली कायदा करून मनाई केली आहे, आणि तेथे 'एवढा एक जिंकून उठू' म्हणणाऱ्याचे काय होते हे मी जवळून पाहिले आहे.)

शिक्षक बंधुभगिनींना आणि पालकांना एक विनंती. मोबाईल कपाटात ठेवणे सोपे आहे. मीही तेच केले. परंतु हरणे, चिडणे आणि पुन्हा नीट खेळणे हे शिकायला मुलांना आज मैदान फार थोडे मिळते, आणि हा खेळ, तो आपल्याला आवडो न आवडो, त्यांचे एक मैदान झालेला आहे. त्याची वही आपणही एकदा तपासावी, आणि शक्य तर एक आपलीही ठेवावी.

आमच्या घरात फ्रिजच्या दारावर दोन चिठ्ठ्या आहेत. मुलीच्या चिठ्ठीवर 'तीन' लिहिले आहे, माझ्या चिठ्ठीवर 'दोन'. माझा आकडा कमी का, तर तो तिने ठरवला. गेल्या महिन्यात मी माझा नियम पाच वेळा मोडला, तिने एकदा. वही पाहिली तेव्हा लक्षात आले, की माझ्या पाचही चुका रात्री अकरानंतरच्या आहेत. म्हणून आता 'दोन' या आकड्याखाली तिने वेळही लिहिली आहे: साडेदहा.